‘रीडमी’मधली एक चूक दुरुस्त केली, तर लोक चिडतात का?

२०२०चा ऑक्टोबर सुरू झाला आणि जगभरच्या अनेक सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या दारात अचानक गर्दी झाली. कुणी काही मोठं बनवून आणलं होतं असं नाही. कुणी प्रकल्पाच्या माहितीपानावर शीर्षकापुढे ‘अ‍ॅन ऑसम प्रोजेक्ट’ एवढेच शब्द जोडले होते, तर कुणी एखादं विशेषण घुसवलं होतं. आणि त्या बदलाला नाव दिलं होतं ‘इम्प्रूव्ह डॉक्स’, म्हणजे कागदपत्रं सुधारली.

कारण होतं एक टी-शर्ट.

डिजिटलओशन ही अमेरिकन क्लाउड कंपनी २०१४पासून दर ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते. तेव्हाचा नियम असा होता की, महिनाभरात गिटहबवरच्या खुल्या प्रकल्पांना चार बदल सुचवायचे आणि टी-शर्ट मिळवायचा. टी-शर्ट नको असेल तर त्याऐवजी झाड लावलं जायचं. बदल केवढा असावा, याची अट नव्हती. त्याच सुमारास भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब व्हिडिओत बदल कसा पाठवायचा याचं प्रात्यक्षिक दाखवलं गेलं, तेही असाच एखाद-दोन शब्दांचा बदल करून. बघणाऱ्यांनी पद्धत उचलली आणि नमुनाही जसाच्या तसा उचलला.

दोन-तीन दिवसांतच प्रकल्प सांभाळणारे लोक इतके वैतागले की, ३ ऑक्टोबरला आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाने स्वतःहून ‘आम्ही सहभागी आहोत’ असं जाहीर केलं असेल, त्याच प्रकल्पातले बदल मोजायचे असं ठरलं. पुढे २०२३ साली तर टी-शर्ट बाद करून डिजिटल बॅज दिले गेले.

आता कुणीही विचारेल, चूक दुरुस्त करणं चांगलंच ना? मग एवढा गदारोळ कशासाठी? आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात, पिंपळगाव राजात बसून मोबाइलवर कोडिंग शिकणाऱ्या मुलामुलींचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे.

आधी हे ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणजे काय?

प्रेशर कुकरसोबत जशी एक पुस्तिका येते, तसा प्रत्येक सॉफ्टवेअर साधनासोबत मजकूर असतो. हे इन्स्टॉल कसं करायचं, कोणती आज्ञा दिली की काय होतं, अडलं तर काय बघायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. या सगळ्याला मिळून डॉक्युमेंटेशन म्हणतात. त्यातलं पहिलं पान म्हणजे ‘रीडमी’ फाइल. गिटहबवर कुठलाही प्रकल्प उघडला की खाली हेच पान दिसतं.

खुल्या प्रकल्पांत हा मजकूर सगळ्यांसाठी उघडा असतो. वाचताना चूक दिसली तर वरच्या पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारायची. गिटहब त्या प्रकल्पाची एक प्रत तुमच्या खात्यात करून देतं. त्या प्रतीत दुरुस्ती करायची आणि मूळ मालकाकडे ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवायची. याचा अर्थ इतकाच की, ‘माझ्या प्रतीत मी हा बदल केला आहे, पटला तर मूळ प्रतीत घ्या.’

गावाकडच्या माणसाला ही पद्धत नवी वाटायचं कारण नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायचं असेल तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, थेट सातबारा खोडत नाहीत. आधी फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केल्यावरच ती नोंद सातबाऱ्यावर येते. पुल रिक्वेस्ट हा सॉफ्टवेअरचा फेरफार आहे. प्रकल्प सांभाळणारा, ज्याला तिथे ‘मेंटेनर’ म्हणतात, तो मंडळ अधिकाऱ्याच्या जागी असतो. फरक एवढाच की मंडळ अधिकाऱ्याला पगार असतो, आणि बऱ्याचशा मेंटेनरना तो नसतो. नोकरी आटोपून रात्री घरी बसून ते हे काम करतात.

एका अक्षराने असं काय होतं?

बरंच काही होऊ शकतं. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ब्राउझर नव्या वेबसाइटला सांगतो, ‘हा वाचक अमुक पानावरून आला.’ ज्या खुणेने तो हे सांगतो तिचं नाव आहे ‘रेफरर’. इंग्रजीत या शब्दाच्या मधे दोन ‘आर’ लागतात. नव्वदच्या दशकात ही सोय सुचवताना त्यातला एक ‘आर’ राहून गेला. १९९६च्या मे महिन्यात एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीचा दस्तऐवज ‘आरएफसी १९४५’ म्हणून प्रसिद्ध झाला, तोवर हे चुकीचं स्पेलिंग सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये रुजलेलं होतं. आता ते दुरुस्त करायचं तर जगभरचे सर्व्हर बिघडतील. म्हणून आजही तुमच्या फोनचा ब्राउझर पान उघडताना ते चुकीचं स्पेलिंगच पाठवतो. गंमत म्हणजे नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या नियमात स्पेलिंग बरोबर आहे. त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी शेजारी नांदतात.

जगातल्या सगळ्या लिप्यांना संगणकात जागा देणारं ‘युनिकोड’ घ्या. पूर्व आशियातल्या उभ्या मजकुरासाठी त्यात एक खास कंस आहे. त्याच्या अधिकृत नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दातल्या ‘सी’ आणि ‘के’ या अक्षरांची अदलाबदल झाली. युनिकोडचा नियम आहे की एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही, कारण त्यावर कुणीतरी प्रोग्रॅम बेतलेला असू शकतो. मग काय केलं? चूक तशीच ठेवली आणि बरोबर स्पेलिंगचं एक पर्यायी नाव बाजूला जोडून दिलं.

ही झाली निरुपद्रवी उदाहरणं. २०११ साली ‘बंबलबी’ नावाच्या लिनक्स प्रोग्रॅमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका फोल्डरच्या पत्त्यात एक मोकळी जागा जास्तीची पडली होती. पुसायचं होतं आतलं एक छोटं फोल्डर. त्या मोकळ्या जागेमुळे पत्त्याचे दोन तुकडे झाले आणि संगणकाने सिस्टिमचं अख्खं मुख्य फोल्डरच पुसायला घेतलं. एका स्पेसबारने लोकांची मशिनं बसली. आता विचार करा, अशी चूक एखाद्या मार्गदर्शिकेत ‘ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये टाका’ या वाक्याखाली असेल तर? शिकाऊ माणूस ती ओळ डोळे मिटून टाकतो. त्याच्यासाठी तर ती मार्गदर्शिका लिहिलेली असते.

म्हणूनच या क्षेत्रातल्या जुन्याजाणत्यांनी छोट्या चुकांना कधी हलकं लेखलं नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ आपल्या पुस्तकांत चूक शोधून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे, चूक छपाईची असली तरी. २५६ हा आकडा संगणकवाल्यांच्या हिशेबात ‘गोल’ आहे, म्हणून तेवढी रक्कम. तो चेक वटवण्यापेक्षा फ्रेम करून भिंतीवर लावणारेच जास्त. बँक घोटाळ्यांच्या भीतीने २००८मध्ये नुथ यांनी खरे चेक बंद केले आणि एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, तरी लोकांची हौस कमी झाली नाही. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे तर मार्गदर्शिकेतली चूक ही प्रोग्रॅममधल्या चुकीइतकीच गंभीर मानतात.

लिनक्सने यात एक बारीक रेघ ओढली आहे, ती बघण्यासारखी आहे. क्षुल्लक बदल कोणते स्वीकारायचे याची एक यादी त्यांच्या मार्गदर्शिकेत होती. डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या त्यात होत्या. इतर ठिकाणी मात्र ज्या चुकीमुळे शब्द शोधताना सापडणार नाही, तेवढीच स्पेलिंगची चूक दुरुस्त करायची, असं म्हटलं होतं. थोडक्यात, चुकीमुळे कुणाचं काही अडतंय का, एवढाच प्रश्न.

मग चिडायचं कारण काय?

हिशेब करून बघा. समजा एक बदल उघडून, वाचून, ‘नको’ म्हणून बंद करायला तीन मिनिटं लागतात. दिवसाला असे चाळीस आले तर दोन तास गेले. आणि ज्यांनी त्या प्रकल्पावर लक्ष ठेवलेलं असतं, त्या प्रत्येकाच्या ईमेलमध्ये चाळीस सूचना जाऊन पडतात, त्या वेगळ्याच. खरी दुरुस्ती घेऊन आलेला एकेचाळिसावा माणूस या ढिगाऱ्यात दिसतच नाही.

२०२४च्या सुरुवातीला हेच पुन्हा घडलं, आणि तेव्हा तर बक्षीसही नव्हतं. वेबसाइटच्या मागची बाजू बनवायला वापरतात त्या ‘एक्सप्रेस’ या प्रसिद्ध साधनाच्या रीडमीमध्ये स्वतःचं नाव जोडणारे बदल शेकड्यांनी येऊ लागले. शोध घेतल्यावर कळलं की भारतातल्या एका मोठ्या शैक्षणिक यूट्यूब वाहिनीने गिटहब शिकवताना उदाहरण म्हणून हाच प्रकल्प वापरला होता. विद्यार्थ्यांनी व्हिडिओ थांबवून थांबवून तसंच केलं. त्यांच्या लेखी ती गृहपाठाची वही होती. समोर बसलेल्या माणसाच्या लेखी ते शेकडो अनोळखी लोक त्याच्या घराच्या भिंतीवर नाव कोरून जात होते.

या दोन्ही वेळी सोशल मीडियावर भारतीय विद्यार्थ्यांची भरपूर टिंगल झाली. त्यातली काही उघडउघड वंशद्वेषी होती. पण दोष फक्त मुलांवर टाकणं सोपं आहे, आणि अर्धवटही. हिरवे चौकोन मोजायला शिकवलं कुणी? गिटहबवर ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. प्लेसमेंटचे सल्ले देणारे, ‘ओपन सोर्स करा, पॅकेज वाढवा’ सांगणारे, आणि काही ठिकाणी मुलाखती घेणारेसुद्धा त्या हिरवळीकडे बघतात. आकडा मोजला जातो असं कळलं की आकडा वाढवणारे येतातच. परीक्षेत पुरवण्या मोजून गुण मिळतात अशी अफवा पसरली की मुलं कशी मोठ्या अक्षरात लिहायला लागतात, तसंच हे.

चिडण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. छोटा बदल म्हणजे निर्धोक बदल, असं नसतं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या फाइल आकसणाऱ्या साधनात लपवलेला चोरदरवाजा जगासमोर आणला. जिया टॅन असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात मदत करून, विश्वास कमावून तो बसवला होता. त्याच माणसाच्या एका बदलात एका ओळीवर फक्त एक टिंब पडलेलं होतं. दिसायला हाताची चूक. परिणाम असा की एक सुरक्षा-तपासणी कायम नापास होऊन ते संरक्षण गपचूप बंद पडायचं.

महसूल खात्याला ही शंका फार आधीपासून ठाऊक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६च्या कलम १५५खाली नोंदीतला ‘लेखनप्रमाद’ दुरुस्त करता येतो. पण तपासणीत अधिकाऱ्याला स्वतःला जरी चूक दिसली, तरी संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही. एका अक्षराच्या दुरुस्तीत ‘गणपत’चा ‘गणपती’ होऊ शकतो आणि जमिनीचा मालकही बदलू शकतो. मेंटेनरला प्रत्येक टिंबाकडे म्हणूनच थांबून बघावं लागतं.

यात आता एआयची भर पडली आहे. एका वाक्यात सांगितलं की चॅटबॉट पानभर ‘सुधारणा’ लिहून देतो. वाचणाऱ्याला मात्र ती माणसासारखीच वाचावी लागते. ‘कर्ल’ हे साधन जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतं. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने लिहिलेल्या निरर्थक सुरक्षा-तक्रारींना कंटाळून २०२६च्या जानेवारीअखेर चुका शोधणाऱ्यांना पैसे देण्याची योजनाच बंद केली. म्हणजे खऱ्या चुका शोधणाऱ्यांचंही बक्षीस गेलं.

पिंपळगाव राजातून हा बदल पाठवायचा असेल तर?

इथे गोष्ट थोडी उलटी फिरते.

पुण्यात, बंगळुरूत आयटीत नातेवाईक असलेल्या मुलाला पहिली ओळख घरातून मिळते. पिंपळगाव राजाहून खामगावला किंवा शेगावला कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ती मिळत नाही. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३पासून आहे, डिग्री जवळ मिळते. पण ‘याने माझ्यासोबत काम केलंय’ असं सांगणारा माणूस जवळ मिळत नाही. खुल्या प्रकल्पांचं दार ही उणीव थोडी भरून काढतं. तिथे आडनाव, कॉलेज, गाव कुणी विचारत नाही. तुम्ही काय पाठवलं तेवढंच बघतात. आणि त्या दाराची पहिली पायरी बहुतेक वेळा डॉक्युमेंटेशनमधली छोटी दुरुस्तीच असते. गुगलचा ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम २००५पासून चालतो. त्यात निवड होण्याआधी अनेक विद्यार्थी अशाच किरकोळ दुरुस्त्यांनी प्रकल्पाशी ओळख करून घेतात.

टी-शर्टवाल्या झुंबडीने नुकसान झालं ते या मुलीचं. नव्या खात्यावरून, भारतातून, रीडमीमध्ये एक शब्दाचा बदल आला की आता मेंटेनरच्या भुवया आधी वर जातात. काही प्रकल्पांनी तर लिहूनच ठेवलंय की केवळ स्पेलिंगचे बदल पाठवू नका.

आणि मजा अशी की, मार्गदर्शिकेतली चूक पकडायला सगळ्यात लायक माणूस तीच आहे. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला सगळं पाठ असतं. पाचवी पायरी लिहायची राहिली तरी त्याच्या डोळ्याला ती दिसते, कारण ती त्याच्या डोक्यात असते. जी पहिल्यांदा वाचते, जिची इंग्रजी दुसरी भाषा आहे, जिच्याकडे जुना लॅपटॉप आणि मधेच जाणारी वीज आहे, ती नेमकी त्या पाचव्या पायरीवर अडखळते. दोन तास घालवून तिला कळतं की मार्गदर्शिकेत फोल्डरचं नाव जुनं राहिलंय. ते नाव बदलणारी दुरुस्ती असेल एका शब्दाचीच, पण तिच्यामागे दोन तासांचा पुरावा असतो.

तिने ती कशी पाठवावी? आधी बघावं की दुसऱ्या कुणी हीच दुरुस्ती पाठवलेली नाही ना. एका पानावर सहा चुका असतील तर सहा वेगळे बदल न पाठवता एकत्र पाठवाव्यात. सोबत दोन ओळी लिहाव्यात, ‘ही पायरी अमुक आवृत्तीवर करून बघितली, हा एरर आला, नाव असं बदलल्यावर चाललं.’ ही दोन वाक्यं टी-शर्टसाठी आलेल्या माणसाला लिहिता येत नाहीत, कारण त्याने काही करून बघितलेलंच नसतं. मेंटेनरही पहिल्यांदा तीच शोधतात. आणि चूक कशाला म्हणायचं, आवड कशाला म्हणायचं, हे ओळखावं. इंग्रजीत ‘कलर’ शब्दात ‘यू’ घालायचा की नाही यावर ब्रिटन आणि अमेरिका यांचं जमत नाही. तो ‘यू’ काढणं ही दुरुस्ती नव्हे. आपल्याकडे जिल्ह्याचं नाव ‘बुलडाणा’ असंही छापलेलं दिसतं आणि ‘बुलढाणा’ असंही. एका रूपाच्या जागी दुसरं टाकत सुटलं तर कुणाचंच अडलेलं काही मोकळं होत नाही, फक्त भांडण सुरू होतं.

मराठीतल्या चुका कोण पकडणार?

इंग्रजी डॉक्युमेंटेशनवर जगभरची नजर असते. मराठी मजकुरावर ती नसते, आणि चुका इथे जास्त खोल असतात.

फायरफॉक्स, लिबरऑफिस, विकिपीडियामागचं मीडियाविकी, अशा अनेक खुल्या साधनांचा मराठी मजकूर स्वयंसेवकांनी केलेला आहे. मराठी विकिपीडिया तर २००३पासून आहे. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातही भारतीय भाषांमधल्या अशा कामाला पूर्वी मोठं बळ मिळालं. पण अनुवाद करणाऱ्याला पडदा दिसत नाही. त्याच्यासमोर सुट्या शब्दांची लांबलचक यादी असते. यादीत ‘राइट’ आला, तर तो ‘उजवीकडे’ की ‘बरोबर’? ‘बुक’ म्हणजे पुस्तक की तिकीट काढणं? ‘ऑर्डर’ म्हणजे मागणी, आदेश की क्रम? अंदाज चुकला की क्रमाने लावायच्या यादीवर ‘आदेशानुसार’ असं छापून येतं. सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे प्रश्नाची खिडकी. ‘ऑर्डर रद्द करायची आहे?’ असा प्रश्न आणि खाली दोन बटणं, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. कोणतं दाबल्यावर ऑर्डर राहील? प्रत्येक शब्दाचा अनुवाद बरोबर आहे, तरी माणूस फसतो.

मराठीचं व्याकरण इंग्रजीच्या साच्यात बसत नाही, ही दुसरी अडचण. प्रोग्रॅममध्ये ‘अमुक हटवलं’ असं वाक्य एकदाच लिहिलेलं असतं आणि ‘अमुक’च्या जागी नाव येऊन बसतं. पण मराठीत फोटो हटवला, फाइल हटवली, खातं हटवलं. तीन लिंगं, तीन क्रियापदं, आणि जागा एकच. विभक्तीचं तर विचारूच नका. गावाचं नाव घेऊन त्याला ‘मध्ये’ चिकटवायचं असा साचा केला तर ‘पिंपळगाव राजामध्ये पाऊस’ निभावून जातं. पण पुढचं गाव आलं की ‘नांदुरामध्ये’, ‘मोताळामध्ये’, ‘बुलढाणामध्ये’. कुणी बोलतं का असं? नांदुऱ्यात, मोताळ्यात, बुलढाण्यात.

त्यातही ‘नांदुऱ्यात’ लिहिताना ‘र’ची एक वेगळी कळ लागते. मराठीला ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ या दोन्हींची गरज आहे. आचार्यांना निमंत्रण वेगळं आणि आचाऱ्यांना निमंत्रण वेगळं, एक व्यासपीठावर जाणार आणि दुसरा चुलीपाशी. युनिकोडमध्ये यासाठी सोय आहे, पण घाईत टाइप करणारा आणि हिंदीवर घडवलेला स्पेलचेकर दोघंही ती विसरू शकतात. हे चुकलं आहे हे कॅलिफोर्नियातल्या मेंटेनरला कधीच कळणार नाही. मशीन ट्रान्सलेशनलाही खात्रीने कळेल असं नाही. नांदुऱ्याच्या बाजारात जाणाऱ्या माणसाला ते एका नजरेत कळतं.

फायरफॉक्ससाठी ‘पोंटून’, लिबरऑफिससाठी ‘वेबलेट’, मीडियाविकीसाठी ‘ट्रान्सलेटविकी’ ही ठिकाणं आहेत. तिथे खातं उघडून एका वाक्याची दुरुस्ती सुचवता येते, प्रोग्रॅमिंग येण्याचीही गरज नाही. हिरवे चौकोन तिथे कमी मिळतील. बहुधा म्हणूनच गर्दीही कमी आहे.

जिथे पेन्सिलचं चिन्हच नाही

पण एक शब्द चुकल्याची खरी किंमत ज्या सॉफ्टवेअरमध्ये मोजावी लागते, ते बहुतेकदा खुलं नसतं. राज्यात २०२१च्या १५ ऑगस्टपासून ‘ई-पीक पाहणी’ ॲप आलं. पिकाची जी नोंद पूर्वी तलाठी करायचे, ती आता शेतकरी स्वतः फोटो काढून करतो. सरकारी खरेदी, पीकविमा, नुकसानभरपाई अशा कामांत या नोंदीचा आधार घेतला जातो. अशा ॲपमध्ये ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ यांतला फरक, ‘मिश्र पीक’ कशाला म्हणायचं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये कसं भरायचं, हे सांगणारं प्रत्येक वाक्य म्हणजे डॉक्युमेंटेशनच आहे. सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने तुरीची आंतरपीक म्हणून नोंद करताना एक वाक्य चुकीचं समजून घेतलं, तर ते निस्तरायला तालुक्याला चकरा माराव्या लागतात.

त्या वाक्यावर पेन्सिलचं चिन्ह नसतं. कुठला शब्द लोकांना कळत नाही हे गावातल्या ॲप भरून देणाऱ्या पोराला सगळ्यांत आधी कळतं, कारण पन्नास जण त्याला तोच प्रश्न विचारतात. पण हे तो कुणाला पाठवणार? हेल्पलाइनवर अडचण सांगता येते, वाक्य बदलून देता येत नाही. जनतेच्या पैशातून बनलेल्या ॲपमधला निदान मराठी मजकूर तरी लोकांनी सुधारणा सुचवण्यासाठी उघडा ठेवायला काय हरकत आहे? त्यात गोपनीय असं काहीच नसतं, आणि तपासून घ्यायची पद्धत फेरफाराच्या रूपाने महसूल खात्याच्या अंगवळणी पडलेलीच आहे.

तोवर जिथे पेन्सिल आहे ती जागा वापरता येईल. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा कुणालाही दुरुस्त करता येणारा जगाचा नकाशा आहे आणि त्यातला डेटा अनेक ॲप वापरतात. गावाचं मराठी नाव लिहायला त्यात स्वतंत्र रकाना आहे. रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ एकच, त्यामुळे यंत्राने लिप्यंतर केलं की ‘पिंपलगाव’ होण्याची भीती असते, आणि भाषांतर केलं तर ‘राजा’चा ‘किंग’ व्हायलाही वेळ लागत नाही. ‘राजा’ गाळून नुसतं ‘पिंपळगाव’ ठेवलं तरी भागत नाही. बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराई आहे, जळगाव जामोद तालुक्यात पिंपळगाव काळे आहे, आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला यांतलं कोणतं ते कळावं लागतं. नाव दुरुस्त करून साठवताना खाली एक छोटी चौकट येते, हा बदल का केला ते लिहायला. तिथे ‘मी इथे राहतो’ एवढं लिहिलं तरी पुढे तपासणाऱ्याचं बरंच काम होतं.